दुधाचे दात : जपावयाची पहिली ठेव

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजचा विषय फळ्यावर वाचून काही मंडळी गालातल्या गालात हसली, हे आम्ही पाहिले. त्यात त्यांचा दोष नाही. याच व्यासपीठावरून विद्वान वक्ते संविधानावर, शिक्षणावर, धम्मावर बोलून गेले आहेत. त्यांच्या मागून एक बँकेतला लिपिक उभा राहतो आणि म्हणतो, 'आज लहान मुलांच्या दुधाच्या दातांविषयी बोलू या', तर हसू येणारच. शिवाय आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आहोत. चलन तपासणे, पासबुक भरून देणे, संध्याकाळी हिशेब जुळेपर्यंत खुर्ची न सोडणे, हा आमचा व्यवसाय. परंतु बंधूंनो, या एका विषयाची फी आम्ही भरलेली आहे. खरे म्हणजे ती आमच्या धाकट्या मुलीने भरली आहे. म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

आधी तीच हकिकत सांगतो, म्हणजे पुढचे सगळे शास्त्र आपोआप समजेल.

आमची धाकटी साडेपाच वर्षांची होती. खालच्या बाजूच्या दाढेवर एक काळा ठिपका दिसू लागला होता. तिने एकदा सांगितले, 'पप्पा, इथं दुखतंय.' आम्ही वर्तमानपत्रातून मान वर करून पाहिले आणि म्हणालो, 'अगं, दुधाचाच दात आहे, पडणारच आहे.' शेजारच्या मावशीही तेच म्हणाल्या. घरातली वडीलधारी माणसेही तेच म्हणाली. आणि त्या दिवसापासून पोरीने दुखण्याबद्दल एक अक्षर काढले नाही. आम्हाला वाटले, बरे झाले, थांबले दुखायचे.

पुढच्या काही महिन्यांत ती भाकरी खाईनाशी झाली. वरण-भात तेवढा गिळायची. आम्ही म्हणालो, लाडावली आहे. शाळेतून निरोप आला की वर्गात लक्ष नसते, बाकावर डोके टेकून बसते. आम्ही तिला रागावलो. एका रात्री दोनच्या सुमारास ती तापाने फणफणली. दिवा लावून पाहतो तो डावा गाल पुरणपोळीसारखा फुगलेला. सकाळ होण्याची वाट पाहत आम्ही उभयतां तिच्या उशाशी बसून होतो. उजाडल्याबरोबर तिला घेऊन सरकारी दंत रुग्णालयाच्या रांगेत उभे राहिलो.

तिथे एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने पोरीला खुर्चीत बसवले, तोंडात पाहिले आणि आम्हाला न विचारता तिलाच विचारले, 'बाळा, किती दिवसांपासून दुखतंय?' पोर म्हणाली, 'दिवाळीपासून.' तेव्हा मार्च महिना चालू होता. डॉक्टर म्हणाल्या, 'मग पप्पांना का नाही सांगितलंस?' तर ती म्हणाली, 'सांगितलं होतं. पप्पा म्हणाले, पडणार आहे. म्हणून मी पडायची वाट बघत होते.'

बंधूंनो, बँकेत आमच्या हातून एकदा शंभराच्या नोटांचे बंडल जास्त दिले गेले होते. ते भरून द्यावे लागले, त्याची हळहळ आता उरलेली नाही. पण हे वाक्य अजून जात नाही. पोर पाच महिने वाट बघत होती.

आता पहिला प्रश्न हा की, दुधाचे दात पडणारच आहेत, तर त्यांची काळजी का घ्यायची? उत्तर देण्यापूर्वी थोडी माहिती पाहू.

दुधाचे दात एकंदर २०. दहा वर, दहा खाली. साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे पुढचे दोन दात दिसू लागतात आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत सगळे येऊन पुरे होतात. कुणाला महिना-दोन महिने आधी, कुणाला चार महिने उशिरा. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र या दातांची तयारी आईच्या पोटातच सुरू झालेली असते. गर्भाच्या साधारण चौथ्या महिन्यात त्यांच्यावर कठीण थर चढू लागतो. म्हणजे गरोदर बाईच्या ताटात काय पडते, यावर बाळाचे दातही अवलंबून असतात. सहाव्या वर्षापासून हे दात पडू लागतात. पण सगळे एकदम पडत नाहीत. पुढचे आधी पडतात, आणि दुधाच्या दाढा पडायला दहा ते बारा वर्षे वय उजाडते. आमच्या मुलीची जी दाढ आम्ही 'पडणारच आहे' म्हणून सोडून दिली, तिला पडायला अजून पाच वर्षे अवकाश होता. पाच वर्षांची मुदत शिल्लक असलेली ठेव आम्ही मोडीत काढली होती.

दुसरी गोष्ट. दुधाचा दात हा खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा धरून बसलेला असतो. हे समजावून सांगायला आमच्या काउंटरपुढच्या रांगेइतके चांगले उदाहरण नाही. पेन्शनच्या दिवशी रांगेतला एखादा आजोबा पाणी प्यायला बाजूला गेला, की मागचा पुढे सरकतो आणि पुढचा मागे रेलतो. आजोबा परत येतात तेव्हा त्यांना जागाच नसते. मग ते आडवे-तिडवे घुसतात. दातांचेही तसेच आहे. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली, की शेजारच्या दाढा त्या मोकळ्या जागेत सरकतात. काही वर्षांनी खालून पक्का दात वर येतो तेव्हा त्याला जागा उरत नाही. मग तो वाकडा येतो, दुसऱ्यावर चढतो, नाहीतर हिरडीतच अडकून राहतो. म्हणूनच शहाणी माणसे रांगेत पिशवी ठेवून जातात! दंतवैद्यही तेच करतात. आमच्या मुलीची दाढ काढल्यावर डॉक्टरांनी शेजारच्या दाढेला एक बारीक तारेची कडी बसवली, जागा राखण्यासाठी. ती कडी पक्का दात येईपर्यंत सांभाळायची, अधूनमधून दाखवायला न्यायची, एवढा सगळा खटाटोप मागे लागला.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दुधाच्या दाताच्या मुळांखालीच पक्क्या दाताचा अंकुर वाढत असतो. वरच्या दातात पू झाला की त्याची झळ खालच्या अंकुराला लागू शकते, आणि मग पक्का दात डागाळलेला, खडबडीत, कच्चा येतो. तेव्हा 'हा पडला की नवा येईल' हा हिशेबसुद्धा चुकीचाच. आणि चौथी गोष्ट तर आम्ही डोळ्यांनी पाहिली. दात दुखणारे मूल नीट खात नाही, नीट झोपत नाही, त्याचे वजन वाढत नाही, वर्गात त्याचे चित्त लागत नाही. आपण शिक्षणासाठी जीव टाकणारी माणसे. पोटाला चिमटा घेऊन मुलांना चांगल्या शाळेत घालतो. पण तोंडात ठणका असलेल्या पोराला पाढे कसे पाठ व्हावेत?

आता दात किडतो तरी कसा, ते पाहू. 'कीड' या शब्दाने आपला फार घोटाळा केला आहे. आमच्या लहानपणी वस्तीत दातातली कीड काढणाऱ्या बायका यायच्या. भुईरिंगणीचे बी निखाऱ्यावर टाकून त्याचा धूर नळीने तोंडात घ्यायला लावायच्या आणि मग पाण्यात तरंगणारे पांढरे किडे दाखवायच्या. आमच्या आजीने अनेकदा पैसे दिले. दुखणे काही थांबले नाही, आणि शेवटी आजीच्या तोंडात एक दात उरला नाही. ते पाण्यातले किडे म्हणजे बियांतले तंतूच; दातात किडा कधी नसतोच. दाताला अळ्या पोखरतात ही समजूत केवळ आपल्याकडे नव्हती, जगभर होती. १७२८ साली फ्रान्सच्या पिएर फोशार या दंतवैद्याने आपल्या ग्रंथात ती नाकारली. पुढे १८९० साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर यांनी दाखवून दिले की तोंडातले सूक्ष्म जंतू अन्नातल्या साखर-पिठावर जगतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दात विरघळवते.

आमच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक दाताचे एक खाते असते. गोड किंवा चिकट पिठूळ पदार्थ तोंडात गेला की जंतू आम्ल करतात आणि दातातली खनिजे नावे पडतात. मग लाळ येते, आम्ल धुऊन काढते आणि खनिजे पुन्हा जमा करते. या भरपाईला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. आता हिशेब करा. मुलाने दिवसातून तीन वेळा जेवण केले तर दात दीड-दोन तास आम्लात राहिले. बाकी सारा वेळ भरपाईला मिळाला. पण तेच मूल सकाळी चहा-बिस्कीट, मग गोळी, मग बिस्किटाचा पुडा, मग चॉकलेट, मग गोड दूध असे आठ-दहा वेळा तोंड हलवत राहिले, तर नावे टाकणे दिवसभर चालू आणि जमा करायला फुरसतच नाही. मग खात्यात खड्डा पडणारच. त्यातून दुधाच्या दातांवरचे कठीण आवरण पक्क्या दातांच्या मानाने निम्म्याच्या आसपास जाडीचे असते. म्हणून पक्क्या दातात ज्या खड्ड्याला दीर्घ काळ लागतो, तो दुधाच्या दातात फार लवकर नसेपर्यंत पोचतो.

साखर किती खाल्ली याबरोबरच ती किती वेळा खाल्ली आणि किती वेळ चिकटून राहिली, याला मोठे महत्त्व आहे, हे जगाला कसे कळले? ही कहाणी आपल्यासारख्यांनी अवश्य ऐकावी. स्वीडन देशात व्हिपेहोल्म नावाची मतिमंद माणसांची एक मोठी संस्था होती. १९४५ नंतरच्या काही वर्षांत तिथल्या लोकांना मुद्दाम साखर आणि चिकट टॉफी खायला घालून त्यांचे दात कसे किडतात याच्या नोंदी ठेवल्या गेल्या. १९५४ साली निष्कर्ष छापले गेले. दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेला चिकट गोड पदार्थ सर्वांत घातक, हे त्यातून सिद्ध झाले. ज्ञान खरे ठरले. पण ज्यांच्या दातांवर ते मिळवले त्यांची संमती कुणी विचारली नव्हती. नाही म्हणण्याची ताकद त्यांच्यात नव्हती, म्हणूनच त्यांची निवड झाली. ज्यांना आवाज नसतो त्यांच्या वेदनेची किंमत जगात कशी लावली जाते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण त्या मुक्या माणसांनी सोसून दिलेले हे ज्ञान आज आपल्या हाती फुकट आले आहे. ते न वापरणे म्हणजे त्यांच्या सोसण्याचा दुसऱ्यांदा अपमान करणे, असे आम्हाला वाटते. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोड खाऊ फक्त शनिवारी द्यायचा, अशी रीतच पडली. आमच्या घरी आता तो रविवारी मिळतो. जेवणाबरोबर, एकदाच. पोरांनी आठ दिवस कुरकुर केली. नंतर सवय झाली.

आता लहान बाळांविषयी. पुष्कळ घरांत रात्री बाळ रडले की साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देतात आणि बाळ बाटलीसकट झोपी जाते. आमच्या घरीही हेच होत होते. झोपेत लाळ फार कमी सुटते, गिळणे मंदावते, आणि ते गोड दूध रात्रभर वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते. खालच्या दातांना जिभेचा आडोसा मिळतो, म्हणून ते वाचतात. वरचे चार आधी जातात. दीड-दोन वर्षांच्या मुलांचे वरचे दात काळे पडून तुटलेले दिसतात ते यामुळे. माता-भगिनींनी याचा उलटा अर्थ मात्र घेऊ नये. आईचे दूध हे बाळाचे उत्तम अन्न आहे, ते बंद करण्याचे काही कारण नाही. फक्त दात आल्यावर ते पुसण्याची, घासण्याची सवय ठेवावी. बाटलीत साखर, मध, सरबत, चहा घालू नये. वर्षाच्या सुमारास बाळाला पेल्याने प्यायला शिकवावे. आणि चोखणीला मध लावणे तर पूर्णपणे सोडावे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अन्यथाही धोक्याचा असतो.

दात येण्यावरून आपल्यात ज्या समजुती आहेत त्यांचाही निकाल लावू. वरचे दात आधी आले तर ते मामाला वाईट, असे म्हणतात. आम्ही स्वतः चार भाच्यांचे मामा आहोत. त्यांतल्या एकाचे वरचे दात आधी आले होते, आणि आम्ही आपल्यासमोर उभे आहोत! दात कोणते आधी यावेत यात थोडा फरक असतोच. त्याचा मामाशी काही संबंध नाही. दुसरी समजूत मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 'दात येताहेत, जुलाब होणारच, ताप येणारच' असे म्हणून घरी बसणे जिवावर बेतू शकते. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, मूल किरकिरते, इतकेच. जुलाब लागतात ते मूल त्या वयात रांगते आणि मिळेल ती वस्तू तोंडात घालते म्हणून. जुलाब लागले तर जलसंजीवनी द्यावी आणि ताप असेल तर डॉक्टर गाठावा. पडलेला दात कौलावर टाकायचा की उंदराच्या बिळात, याबद्दल आमचा आग्रह नाही. मुलांना गंमत वाटते, टाकू द्यावा. पण तो वेळेवर पडलेला असावा, एवढेच.

आता प्रत्यक्ष काय करायचे, ते सांगतो. विद्यार्थी मित्रांनी हे घरी जाऊन आईला सांगावे.

दात येण्याआधी बाळाच्या हिरड्या स्वच्छ ओल्या मऊ फडक्याने पुसाव्यात. पहिला दात दिसला की लहान मऊ ब्रश आणि फ्लोराईड असलेली पेस्ट सुरू करावी. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात, ती पेस्ट खपावी म्हणून. दिवसातून दोन वेळा घासायचे, आणि रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे कधीही चुकवायचे नाही, कारण रात्री लाळेचा पहारा नसतो. घासून झाल्यावर थुंकायला शिकवावे. मात्र पाण्याने खळखळून चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराईड दातांवर राहते. आणि महत्त्वाचे म्हणजे मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने फिरवायचा. जे मूल अजून स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधू शकत नाही, ते दाढांच्या मागची बाजू काय घासणार? हे काम बायकांवर टाकू नका. आमच्या घरी रात्रीचा ब्रश आता आमच्याकडे आहे. पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांत पोर दिवसभराची सगळी हकिकत सांगते, हा वरचा नफा.

फ्लोराईडविषयी एक सावधगिरी. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त असते. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरे पाणी नसेल तरी १.५ च्या पुढे जाऊ नये. त्याहून अधिक असेल तर पक्के दात डागाळतात, हाडेही बिघडतात. ज्यांचे गाव त्या पट्ट्यात आहे त्यांनी पाणी तपासून घ्यावे आणि पेस्टबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी दात झिजतात; ती मुलांना देऊ नये. आणि मशेरी! आमची आजी मशेरी लावायची आणि नातवंडांच्या बोटालाही चिमूटभर लावायची, 'दात दुखायचे नाहीत' म्हणून. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, दुसरे काही नाही. १९९२ साली केंद्र सरकारने मंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी घातली. पण तव्यावर घरी भाजली जाणारी मशेरी कोण बंद करणार? ती आपणच बंद केली पाहिजे. गरोदर बाईने तर तिला हातही लावू नये. पोटातल्या बाळाला तंबाखू बाधतो.

महिन्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ उचलून उजेडात पाहावे. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडण्याची पहिली खूण समजावी. या टप्प्यावर फ्लोराईडने आणि खाण्यात बदल करून दात वाचू शकतो. काळा होईपर्यंत थांबू नये. पहिला वाढदिवस होईपर्यंत मूल एकदा दंतवैद्याला दाखवावे, असे तज्ज्ञ सांगतात. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करण्याची योजना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे. २०१३ साली त्याची सुरुवात आपल्या पालघरहून झाली. त्या तपासणीत दातही पाहायचे असतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि 'दात पाहिले का?' असे विचारायला लाजू नका. तो आपला हक्क आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे खाजगीपेक्षा फार कमी खर्चात उपचार होतात. लहान मुलांची कीड थांबवणारे सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईड नावाचे एक औषध आहे. त्याने किडलेली जागा काळी होते खरी, पण दात कोरावा लागत नाही आणि सुईही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आवश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. याच संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. तेव्हा ही केवळ आपल्या वस्तीची गोष्ट नाही.

आणखी दोन गोष्टी सांगून संपवतो. सहाव्या वर्षी सर्वांत मागे एक नवी दाढ येते. तिच्या आधी कुठलाही दात पडत नाही, म्हणून पालकांना ती दुधाचीच वाटते आणि तिच्याकडेही 'पडणारच आहे' म्हणून दुर्लक्ष होते. ती पक्की दाढ आहे! ती गेली की पुन्हा येत नाही. तिच्या खाचा भरून घेण्याचा सोपा उपाय आहे, तो डॉक्टरांना विचारावा. दुसरी गोष्ट, खेळताना मूल पडले आणि दात मुळासकट निघाला, तर तो दुधाचा असल्यास परत बसवू नये. पक्का असल्यास मुळाला हात न लावता, वरच्या भागाला धरून उचलावा, दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. तो पुन्हा रुजू शकतो. आणि गालाला सूज, ताप, गिळायला त्रास असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. आम्ही पाहिली, ती चूक होती.

कुणी म्हणेल, विहारात दातांची चर्चा कशाला? त्यांना आम्ही विनयपिटकातील चुल्लवग्गाची आठवण करून देतो. भिक्खू दात घासत नव्हते, तोंडाला दुर्गंधी येई. ही गोष्ट भगवंतांच्या कानावर घातली गेली, तेव्हा त्यांनी ती क्षुल्लक म्हणून झटकली नाही. दात न घासण्याचे पाच तोटे आणि घासण्याचे पाच लाभ त्यांनी सांगितले आणि दंतकाष्ठाची अनुज्ञा दिली. पुढे काही भिक्खू लांबलचक काड्या वापरू लागले आणि त्यांनीच श्रामणेरांना मारू लागले. तेव्हा काडी आठ अंगुळांपेक्षा लांब नको, असा नियम झाला. एकाने फार आखूड काडी वापरली, ती घशात अडकली. तेव्हा चार अंगुळांपेक्षा आखूड नको, असाही नियम झाला. दुःखाचे कारण शोधावे आणि त्यावर उपाय करावा, ही शिकवण दातांच्या काडीपर्यंत पोचलेली आहे. आम्हाला ती आमच्या मुलीच्या दाढेपर्यंत पोचवता आली नाही, एवढेच.

म्हणून संस्थेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, मुलांच्या कार्यक्रमात गोळ्या-चॉकलेटांऐवजी ब्रश, पेन्सिल किंवा पेरू-केळी वाटावीत. गेल्या वर्षी गोळ्यांचा पुडा आम्हीच आणला होता, म्हणून या वर्षीच्या ब्रशांचा खर्चही आम्हीच देऊ. दुसरी, वर्षातून एकदा येथे दंततपासणी ठेवावी. आपल्या समाजातली मुले-मुली आज दंत महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांनी एक रविवार आपल्या वस्तीला द्यावा. तिसरी सूचना पैशांची नाही. मूल 'दुखतंय' म्हणाले की हातातले काम बाजूला ठेवून त्याच्या तोंडात पाहावे. लहान माणसाचे दुखणे लहान नसते. आणि त्याचे ऐकले नाही तर ते सांगायचे थांबते, दुखायचे थांबत नाही.

आमच्या मुलीचा तो पक्का दात परवा हिरडीतून डोकावला. सरळ आला आहे. तिने आरशात पाहिले आणि आम्हाला बोलावले, 'पप्पा, बघा.' या वेळी आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले होते.